आठवी ‘ब’चं दप्तर

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक पोरांच्या पाठीवर आणि दुसरा पुण्यात. पहिल्या दप्तरात अर्धी खाल्लेली चिक्की, टोक मोडलेली पेन्सिल आणि घरी न दाखवलेलं प्रगतिपुस्तक असतं. दुसऱ्यात पेशवाई असते. दोहोंत साम्य एकच : हवा तो कागद कधीच वर नसतो.

पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत. हे मी वर्गात सांगितलं, की दरवर्षी एक तरी हात वर येतो, “सर, मग त्या लोकांनी नाक कशाला पुसायचं?” गेली कित्येक वर्षं हा प्रश्न येतोय. मुलं बदलतात, प्रश्न बदलत नाही. परंपरा म्हणतात ती हीच असावी.

मी दासगावला इतिहास शिकवतो. महाडच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गावर हे गाव लागतं. लागतं म्हणजे तुम्ही झोपेत असाल तर लागत नाही. एका अंगाला सावित्रीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या पट्टीत आम्ही. डोंगरावर दौलतगड नावाचा छोटासा किल्ला आहे. तो सहसा कोणाच्या यादीत नसतो. शेजारी साक्षात रायगड असल्यावर दौलतगडाकडे कोण बघणार? गावात पोलीसपाटील असताना कोतवालाला कोणी नमस्कार करत नाही, तसंच ते.

तर या दासगावात माझ्या गळ्यात एक दप्तर आलं. २०२० ते २०२२ या काळात आम्ही मास्तरमंडळींनी जे ऑनलाइन तास घेतले, त्यांचं काय करायचं, असा विषय एकदा शिक्षकांच्या बैठकीत निघाला. गणिताच्या सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. विज्ञानाच्या बाईंनी घड्याळात पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही इतिहासाचे. जुनं झालं की ते तुमचंच!” मुख्याध्यापक म्हणाले. शासनाच्या नियमांत हे बसतं की नाही ठाऊक नाही, पण तर्कशास्त्रात चपखल बसतं.

माल बराच होता. काही तास मोबाईलवर चित्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवलेले. काही झूमवर घेतलेले. त्यांचं रेकॉर्डिंग पुण्याला माझ्या मुलाच्या संगणकावर व्हायचं, कारण आमच्या रेंजवर त्याचा विश्वास नव्हता. खेरीज वह्यांचे फोटो, आवाजी निरोप, आणि ‘सर, मला कविता पाठ झाली’ म्हणून पाठवलेली कविता, जी तिसऱ्या ओळीला थांबते आणि मागून कोणीतरी चौथी ओळ कुजबुजतं. फुकटात मिळणारी पंधरा जीबीची जागा केव्हाच भरून गेली होती आणि पत्रपेटी ‘जागा संपली’ म्हणून रोज टाहो फोडत होती. मुलाने सगळं एका हार्ड डिस्कवर भरून एस.टी.च्या पार्सलने पाठवलं. वस्तू पानाच्या डब्याएवढी. आत दोन वर्षं.

उघडून पाहिलं तर संगणकाने झूमच्या प्रत्येक तासाच्या फाईलला ‘झूम शून्य’ हेच नाव दिलेलं. एका घरात चारशे मुलं आणि सगळ्यांचं नाव बंडू! कुठला बंडू भूगोलाचा आणि कुठला नागरिकशास्त्राचा, हे प्रत्येकाला हाक मारून, म्हणजे फाईल उघडून, तपासायचं. व्हॉट्सॲप निदान नावात तारीख तरी घालतं. पण ज्या फोनची बॅटरी साफ उतरली, त्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं, आणि यंत्रांचा शक १ जानेवारी १९७० या दिवशी सुरू होतो. आपल्याकडच्या वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता. त्यामुळे माझ्या संग्रहात आठवी ‘ब’चे सहा तास १ जानेवारी १९७० च्या पहाटे झालेले आहेत. त्या दिवशी मी जन्मलोही नव्हतो. पण इतकी शिस्तीची शाळा पुन्हा होणे नाही.

जुन्या कागदांत हीच गंमत असते. मराठी पत्राच्या शेवटी ‘छ’ असं अक्षर, पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना लिहिलेला असतो. साल असेलच असं नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होतं, मग शाई कशाला खर्च करा? पुढच्या संशोधकांनी त्यापायी डोळे फोडले. पत्रात कोणाच्या आजाराचा, कोणाच्या लग्नाचा, कुठल्या स्वारीचा उल्लेख आहे ते पाहून साल ठरवायचं. मीही तेच केलं. १९७० च्या एका तासात मी युरोपातले व्यापारी हिंदुस्थानात आणतो आहे आणि मागून हिचा आवाज येतो, “अहो, उद्या नागपंचमी. लाह्या आणल्यात का?” नागपंचमी २०२० साली २५ जुलैला होती. म्हणजे तास २४ जुलैचा. ही पद्धत मी घरात अभिमानाने समजावून सांगितली. “आणि लाह्या आणल्या नव्हत्यात,” ही म्हणाली. साधन अस्सल असल्याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

आमच्या गावात येऊन कागद जपणारा मी पहिला नव्हे. १७५६ च्या तहाने बाणकोटबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेलं आणि मुंबईचे साहेबलोक हवापालटाला इकडे येऊ लागले. खाडीपलीकडे सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत. ते सांधेदुखीवर चांगले, अशी कीर्ती होती. १७७१ च्या सुमारास जेम्स फोर्ब्स नावाचा कंपनीचा तरुण कारकून त्यासाठी येऊन राहिला. हा विशीतला पोरगा कारकुनी सांभाळून दिसेल ते लिहायचा आणि काढायचा : पक्षी, झाडं, देवळं, माणसं. १७८४ साली विलायतेला परतला तेव्हा सोबत दप्तर किती होतं? दीडशे बाडं, बावन्न हजार पानं! पुढची जवळजवळ तीस वर्षं तो ती निवडत, लावत, उतरवून काढत बसला, आणि १८१३ साली त्यातून चार खंडांचं ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ निघालं. त्याच्या हस्तलिखिताचे तेरा खंड आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. त्यात आमच्या गावाचं नाव ‘डाझागॉन’ असं आहे. असो. त्याचंही ‘झूम शून्य’च म्हणायचं.

सतरा वर्षं लिहिणं आणि तीस वर्षं लावणं, हे प्रमाण मी हिला ऐकवलं. दोन वर्षांच्या तासांना त्या हिशेबाने साडेतीन वर्षं लागायला हवीत. “त्याला मटार सोलायचे नव्हते,” ती म्हणाली.

मास्तराने आपलेच जुने तास नीट लावून ठेवले तर त्यातून काय निघतं, याचं मराठीतलं थोर उदाहरण म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. ते बडोद्याला सयाजीरावांच्या राजपुत्रांना शिकवत. त्या पोरांसाठी काढलेली टिपणं वाढत वाढत गेली आणि त्यांची ‘रियासत’ झाली. पहिला भाग १८९८ चा. म्हणजे रियासतकार ही पदवी ज्यावर उभी आहे त्याच्या तळाशी शिकवणीची टाचणवही आहे! आणि योगायोग असा की त्याच १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. एकजण वाड्यांच्या अडगळीतले कागद शोधत गावोगाव हिंडत होता, दुसरा वर्गातले कागद सांभाळत एका जागी बसला होता. पुढे याच सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून काढले. पासष्टी उलटलेला गृहस्थ! पासष्टीत माणूस किल्ल्या कुठे ठेवल्या ते शोधतो.

मात्र सरदेसायांना एक सुख होतं. त्यांच्या टिपणांत कोंबडी नव्हती.

माझ्या तासांत आहे. १८५७ चा लढा ऐन रंगात आला असताना ती अंडं घातल्याची वार्ता देते आणि सबंध आठवी ‘ब’ त्या अंड्याच्या अभिनंदनात सामील होते. आता जतन करायचं काय? लढा की कोंबडी? विज्ञानाच्या बाईंचं मत, नको ते कापा, शिकवलेलं तेवढं ठेवा. मुलाचं मत, “बाबा, सगळंच पुसा, याहून चांगले धडे दीक्षा ॲपवर आहेत.” त्याचं म्हणणं खरं आहे. १८५७ शिकायला माझा तुटक आवाजातला तास कोणी उघडणार नाही. पण २०२० साली दासगावात आठवीचं पोर कसं शिकत होतं, हे कळायला १८५७ निरुपयोगी आणि कोंबडी मोलाची. म्हणून मी कोंबडी ठेवली. माझं व्याख्यानही ठेवलंय, अहंकारापोटी म्हणा.

त्या वर्षाची सुरुवातच अशी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्हा झोडपला. विजेचे खांब काडीसारखे आडवे झाले. आणि १५ जूनला शाळा सुरू करायची होती, तीही ऑनलाइन. म्हणजे वीज नाही तिथे विजेवर चालणारी शाळा. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे त्या मोहिमेचं नाव होतं. आमच्याकडे काही दिवस शाळा बंद, शिक्षण बंद, पंखा बंद, फक्त पाऊस सुरू. वीज आली तेव्हा रेंज गेली होती. मग मोठी पोरं दौलतगडाकडे चढायला लागली. वर टॉवरची एखादी काडी मिळायची. खाडीतून येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला बांधलेला किल्ला. तीन-साडेतीनशे वर्षांनी त्याला पुन्हा टेहळणीचं काम मिळालं. झूमची फुकटची मुदत चाळीस मिनिटं. चढायला लागणारा वेळ वजा जाता इतिहासाला किती उरायचा, हे गणिताच्या सरांना विचारा.

आठवीच्या इतिहासाचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’. त्या तासाच्या चित्रात मी सुरुवातीलाच उजवा हात वर आणि तोंड उघडं अशा अवस्थेत गोठलो आहे, आणि शेवटपर्यंत तसाच आहे. पुतळ्याच्या चौथऱ्याचीच काय ती उणीव. आवाज चार शब्दांतला एक येतो. पण सोबत पोरांनी एकमेकांना लिहिलेल्या ओळींची फाईल आहे, ती अशी :

“सर आवाज येत नाही.”
“मला येतो.”
“मला पण नाही.”
“सर हालत का नाहीत.”
“विचार करतात.”
“इतका?”
“इतिहासाचा आहे.”

बखरकार याहून वेगळं काय करत होते?

या सगळ्या ढिगात सर्वांत मोलाचा ऐवज मला सापडला तो मात्र संगणकात नव्हता. तो होता माझा हजेरीपट. ऑनलाइन तासालासुद्धा मी जुन्या सवयीने कागदावर हजेरी मांडत असे. फाईली लावताना तारखा जुळवायला तो बाहेर काढला आणि तो वाचतच बसलो. एका मुलापुढे ओळीने आठवडाभर गैरहजर, मग दोन आठवडे हजर, पुन्हा आठवडाभर गैरहजर. महिनोन्महिने हीच नक्षी, साडीच्या काठासारखी. त्याचे तास काढून पाहिले. हजेरीच्या दोन आठवड्यांपैकी एकात तो धडाधड उत्तरं देतो, दुसऱ्यात एक शब्द बोलत नाही, नुसता लिहितो. एकदा लिहिलंय, “सर पप्पा झोपलेत.” आणि लख्ख उजेड पडला. वडील महाडच्या एम.आय.डी.सी.त, तीन पाळ्यांत. घरात फोन एक. पहिल्या पाळीला फोन वडिलांबरोबर कारखान्यात, पोरगा गैरहजर. दुसऱ्या पाळीला वडील सकाळी घरी, पोरगा हजर. रात्रपाळीला वडील घरी पण झोपलेले. पोरगा हजर, पण मुका. पेशव्यांच्या स्वारीचा मुक्काम कुठे होता हे संशोधक जमाखर्चाच्या कागदांवरून ठरवतात. मी हजेरीपटावरून एका कामगाराची वर्षभराची पाळी सांगू शकतो.

मग सगळा पटच तसा वाचला. जुलैतल्या सरसकट गैरहजेऱ्या म्हणजे भातलावणी. एक मुलगी दर सोमवारी नाही. सोमवारी भावाचा तास त्याच वेळी असे, आणि फोन भावाकडे गेला होता. असं का, हे पट सांगत नाही, पण सांगायची गरजही नाही. आणि खाली सात नावं अशी, की ज्यांच्यापुढे जूनपासून एकही हजेरी नाही. माझ्या चारशे फाईलींत त्या सातजणांचा आवाज नाही, चेहरा नाही, कोंबडीसुद्धा नाही. शंभर वर्षांनी कोणी हार्ड डिस्क उघडली, तर आठवी ‘ब’ सात मुलांनी लहान होती असंच त्याला वाटेल.

दासगावच्या मास्तराला हे विसरता येत नाही, त्याला कारण आहे. आर. बी. मोरे यांचं बालपण दासगावातलं. हुशार मुलगा, शिष्यवृत्ती मिळवलेली. आणि महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. पोराने गप्प न बसता वर्तमानपत्राकडे धाव घेतली आणि प्रवेश मिळवला. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे ज्यांनी खपून काम केलं त्यांत हे मोरे होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी बोटीने आले ते आमच्या दासगाव बंदरात उतरले आणि इथून महाडला गेले. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, १९७२ साली वारले. त्यांच्या आठवणी त्यांच्या मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, नंतर प्रसिद्ध केल्या. त्या छापल्या गेल्या नसत्या तर? त्या काळच्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट काढा; प्रवेशच न मिळालेल्या मुलाचं नाव त्यात कसं असेल? गैरहजर लागायलासुद्धा आधी पटावर असावं लागतं.

आमच्या सातजणांना कोणी अडवलं नव्हतं हे खरं. नुसता फोन नव्हता. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा सातांपैकी पाच आले. आले ते हसत, उंच होऊन, आणि सर आपल्याला ओळखतात का ते बघत. एक मुलगा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला होता, तो त्या वर्षी आलाच नाही. सातव्या मुलीच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. दाराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या, “मुंबईस गेली हो सगळी, मास्तर.” मुंबईत कुठे, ते आजींना ठाऊक नव्हतं.

म्हणून मी दप्तरात आणखी एक रुमाल बांधायचा ठरवला. कोण कधी नव्हतं आणि का, एवढंच त्यात. त्यासाठी पोरांना विचारलं. ती आता मोठी झाली आहेत. कोणी कॉलेजात, कोणी कामावर. रात्रपाळीवाल्याचा मुलगा आता स्वतःच पाळीला जातो. प्रत्येकाने आपापल्या हाताने अर्धं-पाऊण पान लिहून दिलं. ‘लाईटबिल भरलं नव्हतं.’ ‘फोन पाण्यात पडला.’ ‘मला कंटाळा आला होता, पण घरी रेंज नाही सांगायचो.’ हा शेवटचा कागद फार महत्त्वाचा. इतका सच्चा कागद पेशवे दप्तरात किती असतील शंका आहे. वीटभट्टीवाल्याने लिहिलं नाही, तोंडी सांगितलं आणि म्हणाला, “तुम्हीच लिवा सर, मला आता सवय नाही.” ते मी लिहून त्याला वाचून दाखवलं. त्याने एक तारीख दुरुस्त करायला लावली. मुंबईला गेलेल्या मुलीचं पान कोरं आहे. वर फक्त नाव आणि हजेरी क्रमांक.

पोरांच्या घरातले आवाज, कोणाच्या आईचं भांडण, असलं जे काही रेकॉर्डिंगमध्ये शिरलं आहे, ते ज्याचं त्याला विचारून ठेवलं किंवा पुसलं. कोंबडीच्या मालकिणीने परवानगी दिली. कोंबडी आता हयात नाही.

राहता राहिला प्रश्न ठेवायचं कुठे. हा प्रश्न महाड तालुक्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडे पेटले, तेव्हापासून आग आमच्या ओळखीची. आणि पाणी त्याहून जास्त. २००५ च्या जुलैत दासगावावर दरड आली, तेव्हा माणसंच गेली. कागदांचं विचारायला कोणाला तोंड नव्हतं. १५ जुलै २०२१ रोजी ग्रामीण भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायची परवानगी मिळाली, आणि बरोबर आठवड्याने, २२ जुलैला, सावित्री महाडात शिरली. माझ्या एका महाडच्या स्नेह्यांच्या संगणकातलं सारं गेलं. वह्या मात्र त्यांनी पान-पान सुटं करून गच्चीवर वाळवल्या. चिखलाच्या रंगाच्या झाल्या, पण वाचता येतात. पाण्यातून निघालेली हार्ड डिस्क गच्चीवर वाळत घालून उपयोग होत नाही, हे त्यांनी करून पाहिलेलं आहे.

तेव्हा मी तीन प्रती केल्या. एक पुण्याला मुलाकडे. एक आमच्या माळ्यावर, पापडाच्या डब्याशेजारी, जिथपर्यंत सावित्री अजून तरी चढलेली नाही. फाईलींना नवी नावं दिली : आधी साल, मग महिना, मग दिवस, मग विषय. असं केलं की त्या आपोआप ओळीने उभ्या राहतात, प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा. १९७० च्या सहा तासांना खऱ्या तारखा दिल्या, पण कंसात ‘पहाटे साडेपाच’ राहू दिलं. हजेरीपट आणि पोरांचे कागद हिच्या एका जुन्या तांबड्या साडीच्या तुकड्यात बांधले. “गाठ नीट मारा, लगीनघाई नको,” असं म्हणून शेवटी तिनेच ती मारली.

तिसरी प्रत आणि तो रुमाल घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातला एक खण मोकळा करून दिला. पण कपाटात वस्तू ठेवायची तर तिची नोंद व्हायला हवी, आणि नोंद करायची तर कशात? क्लार्क भाऊसाहेबांनी सगळ्या वह्या खाली काढल्या. ग्रंथालयाच्या नोंदवहीत जाईना, कारण पुस्तक नाही. प्रयोगशाळेच्या वहीत जाईना, कारण उपकरण नाही. अर्धा तास विचार करून त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडलं, बाकं आणि घंटा यांच्या खाली एक रेघ ओढली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘हार्ड डिस्क, नग १. तांबडा रुमाल, गाठीसह, नग १.’ मग पेन थांबवून मला विचारलं, “सर, किंमत काय टाकू?”